पेरूवरचा लाल ठसा

पेरूला तिखटमीठ लावून मी चावा घेतला, तर पांढऱ्या गरावर लाल ठसा. तिखटच असेल म्हणून दुसरी, कोरी बाजू चावली. तिथेही ठसा लालच उमटला.

दुखत मात्र काहीच नव्हतं. दाताच्या डॉक्टरीणबाईंनी पुढच्या एका दाताची हिरडी तपासली आणि म्हणाल्या, "जंतू आहेतच हो. पण आतलं हाड झिजतंय ते तुमच्याच पांढऱ्या पेशींपायी. राखणीला येतात, लढतात, आणि लढाई चिघळली की घरच पोखरतात."

तेव्हापासून आरशासमोर हसणं नकोसं झालंय. बाहेरून सगळं शाबूत दिसतं. आत मात्र माझ्याच रक्तातून आलेले, माझ्याच अन्नावर पोसलेले राखणदार मला वाचवायच्या कामात गढलेले आहेत. चोराला निदान हाकलता तरी येतं. यांना 'आता पुरे' कुणी म्हणायचं?

आज बायकोने पेरूच्या पातळ फोडी करून दिल्या. "येतंय का अजून रक्त?" तिने विचारलं.

फोड तोंडात अख्खी जाते, तिच्यावर ठसा दिसायचा प्रश्नच नाही. "नाही," मी म्हणालो आणि हळूच जीभ त्या दाताला लावली. तो किंचित हलला, आतून कुणीतरी कडी चाचपून पाहावी तसा.