सुपाशेजारचा वर्ग

साथीत शाळा बंद पडल्या आणि लेकीचा नववीचा वर्ग निपाणीतल्या आमच्या घरात, माझ्या सुपाशेजारी भरू लागला. मी घरीच सुपात पानं-तंबाखू घेऊन विड्या वळते. तेलाच्या डब्याला टेकवलेला मोबाईल, त्याच्यासमोर लेक आणि भिंतीला पाठ लावून मी. पोरांचं नुकसान झालं म्हणून सगळं गाव हळहळत होतं, माझी मात्र पाचही बोटं तुपात. धाकट्या भावंडांना सांभाळायला म्हणून मला सातवीतून काढलं, त्यानंतर हजेरी घेतलेली कधी कानावरच पडली नव्हती.

लेक म्हणायची, "आई, मला हेडफोन घे की."

"कान बिघडत्यात गं त्यानं," मी म्हणायची. कानांची काळजी होतीच मला, पण माझ्या.

एकदा ती पाणी प्यायला उठली आणि माईक चालूच राहिला. विज्ञानाच्या सरांनी विचारलं, "झाडाचं पान श्वास कुठून घेतं?" कुणी बोलेना. एवढ्या पोरांत एकालाही तोंड नसावं? मला असा राग आला की मीच ओरडले, "देठातनं!"

मोबाईलमध्ये हशा पिकला. सर म्हणाले, "उत्तर चुकलं. पण कुणीतरी बोललं, हे बरं झालं." मग त्यांनी सांगितलं, पानाच्या खालच्या बाजूला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. मी हातातलं विडीचं पान उलटं करून उजेडात धरलं. इतकी वर्षं पानं कातरली, पण ती कधी श्वास घेत असतील असं मनातसुद्धा आलं नव्हतं. लेक मात्र लई रुसली. सगळ्या वर्गात माझी लाज काढलीस, म्हणाली.

मोबाईलवरच्या वर्गाच्या शेवटच्या दिवशी सर झाडात पाणी वर कसं चढतं ते सांगत होते. तेवढ्यात वेळ संपली. "उद्यापासून शाळा सुरू. राहिलेलं फळ्यावर काढून दाखवतो," म्हणाले. पोरांनी केवढा गलका केला! लेकीसाठी मीही हसले. दुसऱ्या दिवशी तिची वेणी घातली, डबा दिला, तिला पाठवली आणि सूप मांडीवर घेतलं. घर इतकं गप्प होतं की मला रडूच आलं.

संध्याकाळी ती आल्या आल्या विचारलं, "मग, पाणी कसं चढतंय म्हणाले सर?"

"आई, ते परीक्षेला न्हाय गं."

पुढं पालकसभा आली. त्या दिवशी नवं लुगडं नेसून गेले. लेकीच्याच वर्गात बसवलं होतं. खरंखुरं बाक, समोर पुसलेला फळा. सर गुणांबद्दल बोलले, घरी अभ्यास करून घ्या म्हणाले आणि बायका भराभर उठल्या. माझा हात काही बाकावरून निघेना.

दारातून लेक म्हणाली, "आई, ऊठ की. संपलं."

"व्हय. तू हो म्होरं," मी म्हटलं. "मला जरा बसू दे."