जिताड्यांची रक्ततपासणी

मुलांनो, चेहऱ्यावर इतका कमी विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत दुसरा सापडायचा नाही. तुमच्या आजोबांचे हे मावसभाऊ, म्हणजे माझे भावोजी, मासळीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले, पण लग्नकार्यात भेटलेल्या माणसाला अजूनही "कसे आहात?" असं विचारत नाहीत. "शेवटचं रक्त कधी तपासलंत?" असं विचारतात. समोरचा "मजेत" म्हणाला तर, "ते तुम्ही म्हणता. यकृत काय म्हणतंय?" खिशात लवंगतेलाची बाटली. माझी दाढ ठणकत होती म्हणून दोन थेंब मागितले, तर म्हणाले, "वहिनी, हे माशांचं आहे." रक्त काढण्याआधी त्या तेलाच्या पाण्यात माशाला गुंगी देतात, दमवून पकडलेल्या माशाचं रक्त भलतंच काही सांगतं म्हणे.

त्यांच्या सुनेने शाळेतली नोकरी सोडून खाडीकाठी तळं खणलं, त्यात जिताडे सोडले. पहिलंच पीक. पावसाळा सरता सरता मासे खाद्यावर तुटून पडत होते, अंगावर चमक होती, आणि भावोजी अहवाल घेऊन आले. यकृतातली विकरं रक्तात उतरली होती. यकृत दुखावल्याशिवाय ती इतकी उतरत नाहीत.

"खाद्य आजपासून बंद."

"अप्पा, उड्या मारतायत ते. उपाशी ठेवले तर एकमेकांना खातील."

"खातील थोडे. हे चालू ठेवलंस तर सगळे जातील. पोती कुठे ठेवलीस?"

कोरडी, बंद जागा हवी म्हणाली तेव्हा आंब्यांची अढी घालायची खोली मीच तिला दिली होती. खालून ओल लागू नये म्हणून, तिला न सांगता, उन्हाळ्यातल्या अढीच्या पेंढ्यावरच पोती रचून घेतली, वर प्रत्येकाला माझ्या अक्षरात तारखेची चिठ्ठी. भावोजींनी मधलं पोतं उसवून हात घातला. मूठभर हिरवट बुरशी; तिचंच विष माशांच्या यकृतात जात होतं. अढीची ऊब आंब्याला मानवते, तशी तिलाही मानवली होती.

त्यांनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि दारातल्या सुनेला म्हणाले, "चूक माझी गो. पोती मी आधीच उघडून बघायला हवी होती."

नंतरचे पंधरा दिवस ती रोज सकाळी तरंगलेले मासे जाळीने काढायची आणि सासऱ्यांशी एक शब्द बोलायची नाही. ते बांधावर बसून राहायचे. नवं खाद्य चिमटीचिमटीने पडू लागलं. पुन्हा रक्त काढलं, तेव्हा गुंगीतला मासा तिनेच दोन्ही हातांत धरला. अहवाल आला तो भावोजींनी दोनदा वाचला आणि तिच्या हातात दिला.

"विकरं उतारावर आहेत. वाचले बघ."

ती तिथेच बांधावर बसून रडली. मी तोंड उघडणार, तर भावोजींनी हळूच नकारार्थी मान हलवली.

आयुष्यभर पुरावा मागणारा हा माणूस माझ्यासाठी एवढं एकच खोटं बोलला, आणि मी त्याआड आजवर बसून राहिले. पोती पेंढ्यावर मीच रचून घेतली होती, हे आज संध्याकाळी तिला सांगणार आहे. भावोजी रागावतील. रागावू देत, हल्ली गुडघ्यांमुळे त्यांना बांधावरून एकट्याने उठता येत नाही, हात मलाच द्यावा लागतो.