कॅशमधला बोडका ळ

"अगं, बदलला-बदलला म्हणतेस आणि परत तोच बोडका ळ आलाय की! माझे डोळे गेलेत का तुझं यंत्र?"

"मामंजी, जरा दम धरा. फाँट दुरुस्त करून जुन्याच्याच जागी ठेवलाय. तरी जुनं अक्षर कुठनं उगवतंय तेच बघतेय."

मामंजींना सगळे खिळेबुवा म्हणत. उभी हयात छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्यात गेली. आता छापखाना सुनेच्या हातात. बुवा प्रूफं वाचत आणि उरल्या वेळात सुनेचं डोकं खात.

तो ळ बुवांच्या थोरल्या भावाचा. खिळे भंगारात निघाले, तेव्हा दादानं एकेक अक्षर छापून, त्यावरून संगणकासाठी फाँट बनवला. ळच्या खिळ्याचं टोक उडालेलं होतं, तेही तसंच काढलं. "आपली खूण आहे," म्हणायचा. दादा गेला, खूण राहिली. पण आज पोरांचं पहिलं वाचनपुस्तक छापायचं होतं. पोरं बोडकाच ळ गिरवायला शिकली असती.

"सापडलं!" सून म्हणाली. "कॅश!"

"कॅश? आपल्याकडं?"

"पैसे नव्हेत हो! यंत्र एकदा काढलेली अक्षरं तयार ठेवतं, तिला कॅश म्हणतात. यंत्र बंद केलं की ती पुसली जायची, सकाळी ताटकळायला लागायचं. म्हणून मी ती फाँटच्याच फोल्डरात ठेवली, तर यंत्र तिथलंच जुनं उचलतंय."

"म्हणजे बांधून ठेवलेला मजकूर! रोज लागणारे मथळे आम्ही दोऱ्यानं बांधून फळीवर ठेवायचो. खिळ्यांच्या घरात नाही कोंबायचे. दादानं पाठीत धपाटा घातला असता."

"घातलाच असणार. त्याशिवाय एवढं लक्षात राहत नाही."

बुवा खुदकन हसले. सुनेनं कॅशसाठी वेगळा फोल्डर केला. तिथलं कधीही पुसलं तरी यंत्र नव्यानं काढून घेणार होतं. जुनी कॅश पुसायला गेली आणि थांबली.

"मामंजी, थोरल्या मामंजींचा ळ आता एवढ्यातच उरलाय. मूळ फाइलवर मी नवी चढवली. हे पुसलं की गेला."

बुवांना जुना छापखाना आठवला. रॉकेलचा आणि शाईचा वास, काळी बोटं, बांधलेला मजकूर नाकापुढं धरून "वाच उलटा!" म्हणणारा दादा. चुकलं की टपली, बरोबर आलं तरी टपलीच.

"एक पान छापून ठेवू?"

"कशाला? गावभर कागदांवर पडलाय तो. पोरांच्या पुस्तकात नको. फोड."

"पुस म्हणतात, मामंजी."

"बांधलेला मजकूर सोडवून खिळे परत घरात टाकायला आम्ही फोडच म्हणायचो."

तिनं पुसलं. यंत्र बराच वेळ घुटमळलं, मग पान बाहेर आलं. 'बाळ'. ळ टोकासकट, धडधाकट.

बुवांनी कागद नाकाजवळ नेला. "फारच गुळगुळीत झालाय. दादानं नाक मुरडलं असतं." मग पेन्सिल उचलली आणि खालच्या ओळीवर टेकवली. "आणि हे 'पाणी' र्‍हस्व कुणी केलं? आण पुढचं पान."