अष्टमीचा ओढा

मी कमी बोलतो, त्यामुळे लोकांना मी सरळ वाटतो. हा गैरसमज मीही कधी दूर केला नाही. पण यंदा जे केलं ते आतल्या आत ठेवणं जमत नाही, म्हणून सांगून टाकतो.

माझी बायको कोळीवाड्यातली. होडीत जायचं ते मुलग्यांनी, मुलींनी मासळी विकायची, असा तिच्या घरचा रिवाज. त्यामुळे तिचे पाय समुद्रात कधी घोट्याच्या वर भिजले नाहीत. त्याचा सूड तिने पंचेचाळिशीनंतर उगवला. दादरच्या तरणतलावात पोहायला शिकली, मग कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची ती निमुळती होडी. तलाव झाले, संथ नदी झाली. आता तिला कोलाडकडचा एक ओढा खुणावत होता. फार अवघड नाही, पण सोपाही नाही. खडकांमधून फेसाळत उतरणारा.

"या वेळी तुम्हीपण चला," ती म्हणाली.

"जाऊ की," मी म्हणालो. पाण्याची मला भयंकर भीती वाटते, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मी तिला सांगितलेलं नव्हतं.

तारीख अर्थातच तिच्या दादाने काढायची. माझा हा मेव्हणा शिवडीला असतो, मासळीचा धंदा करतो. पाण्याशी संबंध असलेली कुठलीही गोष्ट त्या घरात त्याला विचारल्याशिवाय होत नाही. रविवारी आमच्या परळ-भोईवाड्याच्या घरी बांगडे घेऊन आला, खुर्चीत बसला आणि बोटांच्या पेरांवर तिथी मोजू लागला.

"पुनवेला उधाण, भावोजींचा जीव जायचा," तो म्हणाला. "अष्टमीला जावा. भांगेचं पानी, भरती-ओहोटी कमी. निजलेलं असतं."

ती अष्टमी सुट्टीच्या दिवशीच येत होती. बायकोने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप ओढ्यावरच्या कॅम्पला फोन केला. तिथला मुलगा म्हणाला, "काका, इथे भरती-ओहोटी नसते. वरच्या धरणातून सोडतात तेव्हाच पाणी. त्या दिवशी बंद आहे, नुसते दगड दिसतील."

मी त्याचे मनापासून आभार मानले आणि घरात कोणाला काही बोललो नाही.

त्यानंतर माझ्याइतका शूर माणूस परळमध्ये नव्हता. संध्याकाळी चटईवर बसून लादी पुसायच्या काठीने वल्हवायचो. होडी उलटली तर काय करायचं, याचा सराव गादीवर करायचो. खालच्या वाण्याला वल्ह्याची पकड समजावून सांगितली. मेव्हणा बघून म्हणाला, "भावोजी, आमच्यात जन्माला यायचे तुम्ही. चुकून मिलवाल्यांच्यात गेलात." माझे वडील गिरणीत होते. मी नम्रपणे मान हलवली.

सगळं छान चाललं होतं. मग एका संध्याकाळी भाजी निवडताना बायको सहज म्हणाली, "आमचा कयाकचा ग्रुप अष्टमीच्या आधीच्या रविवारी जातोय त्याच ओढ्यावर. मी नाही म्हटलं त्यांना. म्हटलं, यांच्याबरोबरच पहिल्यांदा उतरायचं. मला खरं तर वाटलेलं, तुम्ही टाळाल."

तिला मी पाणीच दाखवणार नव्हतो, आणि ती हाती आलेलं पाणी माझ्यासाठी सोडून बसली होती.

रविवारी मेव्हण्यासमोरच सांगून टाकलं. फोन, धरण, दगड, सगळं. आणि शेवटी, भीती वाटते हेही.

आधी मेव्हणा सावरला. "म्हणजे चंद्राला न विचारता पानी सोडतात?" त्याला माझ्यापेक्षा धरणाचा जास्त राग आला होता.

बायकोने तव्यावरची मासळी उलटली, हात धुतले आणि ग्रुपमधल्या मैत्रिणीला फोन लावला. "मी येतेय पुढच्या रविवारी. हो, नवराही. नाही गं, तो होडीत नाही." माझ्याकडे पाहिलं. "होडी उलटली तर काठावर दोरी घेऊन कोणीतरी लागतंच ना. तो उभा राहील."

फोन ठेवून म्हणाली, "भीती वाटते ते माहीत होतं मला. गादीवरसुद्धा नाक दाबून उलटत होता तुम्ही. पण दगड बघायला नेणार होता मला, हे नाही विसरणार."

"विसरू नकोस," मी म्हणालो.

आता रोज संध्याकाळी मेव्हणा शिवडीहून येतो आणि मला दोरी फेकायला शिकवतो. जागा, आमच्या मजल्यावरचा व्हरांडा. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला वाहत जाणारी बायको, म्हणजे स्टुलावर चहा पीत बसलेली. काल पहिली दोरी शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर पडली, दुसरी मेव्हण्याच्या गळ्यात.

बायकोने चहाचा घोट घेतला.

"बुडाले मी," ती म्हणाली. "परत टाका."