काकांची लाल चिठ्ठी

अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकलं असेल, माफ करा. मी चौथीपर्यंतच शिकले. ही वही कोणाला दाखवायची नाही, पण टूलरूमवाल्या काकांबद्दल कुठेतरी लिहून ठेवायचं आहे.

काका थेरगावात आमच्या खालच्या खोलीत एकटे राहायचे. चाकणच्या कंपनीत मशीनची हत्यारं-साचे बनवायच्या टूलरूममधून रिटायर झालेले. कोणाकडेही माप घेतल्यासारखे बघायचे. माझ्या प्रज्ञाकडे तर महिनाभर नुसते बघत राहिले आणि मग तिला शिकवायला बसले. वर्गातल्या गोंगाटात ती कान झाकून बाकाखाली शिरायची, म्हणून शाळेने तिला घरी पाठवलं होतं.

"जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, बघून त्याला धरणारं फिक्स्चर बनवायचं असतं, ताई," ते म्हणायचे. "बसत नाही म्हणून जॉबलाच हातोडा मारायचा नाही." मला कळलं नाही, तसे ते हसले. "म्हणजे पोरीच्या मापाचा धडा."

दर रविवारी ते आठवड्याचं कार्ड लिहून आमच्या दारामागे लावायचे. वाचन कुकर लावायच्या आधी, कारण शिट्टीला ती दचकायची. बेरीज नट-बोल्टवर. अक्षरं परातीतल्या पिठात. दहा मिनिटं झाली की गच्चीत एक फेरी. एखादा धडा जमला नाही की कार्डाला लाल चिठ्ठी लागायची. "ही माझी चूक बरं का," ते प्रज्ञाला सांगायचे, "उद्या दुरुस्त करून आणतो." ती खुदकन हसायची. दिवाळीपर्यंत ती डांगे चौकातल्या दुकानांच्या पाट्या वाचायला लागली.

एका दुपारी आमचे हे फर्स्ट शिफ्ट करून आले, तर काका शिकवत बसलेले आणि कार्डावर तीन लाल चिठ्ठ्या. यांच्या कंपनीत लाल चिठ्ठीचा माल भंगारात जातो.

"माझी पोरगी रिजेक्ट? ठरवणारे तुम्ही कोण?"

शेजारी दारात जमले. काकांनी माझ्याकडे बघितलं. चिठ्ठ्या कोणाच्या चुकीसाठी होत्या, ते मला माहीत होतं. एवढ्या माणसांत माझं तोंड उघडलं नाही. काकांनी नट-बोल्टचा डबा प्रज्ञाच्या हातात दिला, "येतो, ताई," म्हणाले आणि जिना उतरले. पुढच्या महिन्यात खोली सोडून गावी गेले. तिथेच वारले, असं मालकीणबाईंनी सांगितलं.

यांनी प्रज्ञाला मोठ्या शाळेत घातलं, वर्षाची फी एकदम भरून. तीन आठवड्यांत त्यांनीही तिला घरी पाठवलं. आता पाटी दिसली की मान फिरवते.

एक लाल चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. ती माझी.

काल शाळेने फी परत केली. यांनी दोनदा मोजली. "पूर्ण आहे गं," म्हणाले, "एक रुपयासुद्धा कापला नाही."