शेवटचा हात कोनाचा?

सुदामभाऊ मिस्त्री गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही अकोल्याच्या एका जुन्या सहकाऱ्याशी भलत्याच विषयावर बोलताना. "तुमचे ते जठारपेठेतले मिस्त्री... झटका आला, गेले." फोन ठेवला आणि अंगणातल्या गाडीकडे पाहायचं टाळून मी आत गेलो. आठ महिने मी त्यांना तोंड दाखवलं नव्हतं. एवढंसं एक वाक्य सांगायचं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत राहून गेलं.

गाडी माझ्या वडिलांची. गोल दिव्यांची, काळी, माझ्याहून दोन-चार वर्षांनीच लहान. अकोल्यात मास्तरकी करत होतो तेव्हा ती सुदामभाऊंच्या हाती लागली आणि निवृत्तीनंतर मी अमरावतीला राहायला आलो तरी दुरुस्तीला अकोल्यालाच जायची. बायको म्हणायची, माहेरी निघाली. असलं जुनं इंजिन चालता चालता बंद पडलं की बाकीचे मिस्त्री आधी पाना उचलतात. सुदामभाऊ आधी स्टुलावर बसायचे, चहा मागवायचे आणि विचारायचे, "शेवटचा हात कोनाचा लागला?" त्यांचं म्हणणं, चालती गाडी आपल्या मनाने रुसत नाही, कुणीतरी कुठंतरी बोट घातलेलं असतं. घरी केलेली खुडबूड कबूल केली तर ते हसून सोडून द्यायचे, लपवली तर दिवसभर अबोला. मग करंट पाहायचा, मग पेट्रोल, क्रम ठरलेला. पेट्रोलचा काटा कधीचाच मेलेला, म्हणून टाकीचं झाकण उघडून कडुनिंबाची काडी आत बुडवायचे आणि ओल किती चढली ते बोटाने मोजायचे.

मागच्या उन्हाळ्यात मुलीचं लग्न ठरलं. आजोबांच्या गाडीतूनच तिची पाठवणी करायची, हा माझा हट्ट. बायकोने धोशा लावला की शालूला पेट्रोलचा वास लागेल. टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक होतं. वास तिथूनच येतो असं ठरवून मी त्यात चिकटवायचा मसाला भरला आणि वरून काळा रंग मारला. पेट्रोल कमी होईल तशी त्या भोकातून हवा आत जावी लागते, नाहीतर इंजिनकडे पेट्रोल ओढलंच जात नाही, हे मला कुठं ठाऊक! अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच.

बाप पाठवणीला जात नाही, पण मी स्टेअरिंगवर बसलो. दर्यापूरच्या रस्त्याला लागून अर्धा तास झाला आणि गाडी आचके देत थांबली. मागच्या जीपमधून सुदामभाऊ उतरले, लग्नासाठी शिवलेला पांढरा सदरा अंगात. करंट ठीक होता. झाकण उघडून काडी बुडवली, पेट्रोलही भरपूर. सेल्फ मारला, गाडी सुरू. पुन्हा अर्ध्या तासाने तेच. आता वऱ्हाडी भोवती जमले. सदऱ्याला ऑइल लागलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहून शांतपणे विचारलं, "सर, शेवटचा हात कोनाचा लागला?"

व्याही शेजारी उभे होते. मी म्हणालो, "तुमचाच."

खरं सांगतो, त्या क्षणी मला ते भोक आठवलं होतं. त्याचा इंजिनशी काय संबंध, असं मी स्वतःला समजावलं. तिसऱ्यांदा गाडी थांबली तेव्हा मुलीला भाच्याच्या नव्या गाडीत बसवावं लागलं, आणि माझा तोल गेला. सगळ्यांसमोर म्हणालो, "भाऊ, तुमचा हात गेला आता." ते काही वेळ बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "असन, सर."

वऱ्हाडात अकोल्याची मंडळीही होती. माझं वाक्य माझ्याआधी अकोल्याला पोचलं. दोन-तीन जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे जाऊ लागल्याचं कानावर आलं. महिन्याभराने पंपावर मी झाकण फिरवलं तर टाकीने सूं करून हवा ओढली, आणि सगळा उलगडा झाला. घरी येऊन सुईने भोक मोकळं केलं. गाडी सुतासारखी चालू लागली. तिथूनच अकोला गाठायला हवं होतं. गेलो नाही. लाज वाटली.

त्यांच्या पुण्यानुमोदनाला मात्र गेलो. कार्यक्रम संपल्यावर त्यांची मुलगी सुजाता मला बाजूला घेऊन गेली आणि कापडात गुंडाळलेलं काहीतरी हाती दिलं. टाकीचं झाकण होतं, जुन्या बाजारातून शोधून आणलेलं, भोक नीट साफ केलेलं. पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर खडूने लिहिलं होतं, 'सरची काळी गाडी'.

"लगनानंतर दोन महिन्यांनी बाबाच्या ध्यानात आलं," ती म्हणाली. "म्हने, झाकनाचं भोक बुजलं असन, अन् मी दर टायमाले झाकन उघडत होतो, म्हनूनच गाडी चालू होऊन राहिली होती. माह्याच हातानं मले फसवलं."

"मग फोन काहून नाही केला?" माझ्याही तोंडात तिचीच भाषा आली.

"म्हने, सरले वाईट वाटन. येतीन तवा देऊ. वाट पाहून राहिले होते तुमची."

मी कसंबसं सांगितलं की भोक मीच बुजवलं होतं. ती म्हणाली, "हे बाबाले सांगाले पायजे होतं, काका."

ते झाकण आता गाडीला बसवलंय. गाडी कुठंही थांबत नाही. तरी निघण्याआधी मी ते उघडतो, काडी बुडवतो, ओल बोटाने मोजतो... आणि तो प्रश्न ऐकू येतो. त्या दिवशी दर्यापूरच्या रस्त्यावर जे उभे होते, त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल, तर ऐका. मिस्त्रींचा हात शेवटपर्यंत शाबूत होता. गाडीला शेवटचा हात माझा लागला होता.