दहापैकी नऊ

मूल हवेत गेलं की सगळी माणसं वर बघतात. आमचे मास्तर खाली बघायचे. जुन्या जालन्यातल्या एका व्यायामशाळेत ते मुलांना जिम्नॅस्टिक्स शिकवत. एखाद्या पोरानं कोलांटउडी घेतली की बाकावरचे आईबाप माना उंचावून "अगं बाई!" करायचे, आणि मास्तर गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून, ते पोर जिथे उतरणार त्या जागेकडे टक लावून उभे असायचे. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, एकदा त्यांना विचारलंच की शिकवणारा माणूस वर का बघत नाही.

"वरचं सगळ्यांलाच दिसतं, साहेब," मास्तर म्हणाले. "खालचं पाह्यला कोणीतरी लागतं ना."

मास्तर पोटासाठी शिंपी होते. कापडाच्या गल्लीत एका दुकानाच्या पायरीवर त्यांचं मशीन असायचं. दिवसभर शाळेचे गणवेश शिवायचे आणि सकाळी सहा ते आठ आम्हाला शिकवायचे. तरुणपणी ते स्वतः खेळले होते म्हणे. किती आणि कुठे, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही कारटी इतकी आपल्यातच मश्गूल, की विचारलंही नाही. वर्गातसुद्धा त्यांच्या गळ्यात मापाची टेप असायची. कुणाच्याही अंगावर नवा फ्रॉक दिसला की आधी कड उलटून आतली शिवण बघणार. माझे फ्रॉक आई घरी शिवायची, त्यामुळे ती मास्तरांवर कायम थोडी रागावलेली असायची.

त्यांची शिकवायची एक तऱ्हा होती, ती मी पुढे कुठेच पाहिली नाही. उडी मारून जिथे उतरायचं, तिथे ते निळ्या मॅटवर खडूची पावडर भुरभुरायचे. त्यासाठी घरून पिठाची चाळणी आणायचे. मॅटवर पांढरा चौकोन तयार व्हायचा आणि आम्ही उतरलो की त्यात पायांचे निळे ठसे उमटायचे. दोन ठसे म्हणजे उतरणं स्वच्छ. तोल सावरायला पाय हलला, की तिसरा ठसा किंवा घसरल्याची रेघ. मग ओलं फडकं फिरवायचं, मॅट वाळली की पुन्हा चाळणी. काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, सांगायच्या की आमच्या घरच्या भाकरीत निम्मा खडू असतो.

आणि एक कडक नियम होता. उतरल्यावर खाली बघायचं नाही. मान सरळ, हात वर, नजर समोरच्या भिंतीवर. मास्तर सावकाश "एक, दोन, तीन" म्हणणार आणि मगच "हं, बघ" अशी परवानगी मिळणार. "उतरल्या उतरल्या पायाकडं पाह्यलं, की पाय हलतोच," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे ठसे आधी मास्तर बघायचे, मग आम्ही. ते सांगतील ते खरं, यात कुणाला कधी शंका आली नाही.

आमच्या खेळात गुण दोन बाजूंनी येतात. तुम्ही किती अवघड केलंत त्याचे वेगळे, आणि जे केलंत ते किती सफाईनं केलंत त्याचे वेगळे. त्यामुळे प्रत्येक स्पर्धेआधी एकच भांडण: अवघड उडी घालून पडायचा धोका पत्करायचा, की सोपंच चोख करायचं? मास्तरांनी हे भांडण एका आकड्यावर आणून ठेवलं होतं. "दहा वेळा मारायची. नऊ वेळा दोनच ठसे पडले, तर उडी तुझी. न्हाई पडले, तर ती अजून या हॉलची हाय. हॉलची वस्तू बाहेर न्यायची न्हाई."

मी बारा वर्षांची होते तेव्हा मला एकच वेड होतं: जागेवरून, हात न टेकता घेतलेली मागची कोलांटउडी. विभागीय स्पर्धेतून पहिल्या तिघी राज्याला जाणार होत्या आणि मोठ्या शहरातल्या मुली ती उडी सर्रास मारत. आप्पा जाफराबादकडची शेती भावाच्या हाती सोपवून जालन्यात नोकरीला आलेले. लेक राज्याला जाणार हे त्यांनी गावात आधीच सांगून ठेवलं होतं. ते मास्तरांच्या मागे लागले. "मास्तर, तिकडले पोरं हवेत उडून राह्यले, अन् आमची अजून हातावरच चालून राह्यली."

"बराबर हाय साहेब," मास्तर म्हणाले. "पण तिला मोजू द्या."

स्पर्धेच्या चार दिवस आधी मोजणी झाली. तिसऱ्या उडीला माझा उजवा पाय सरकला. बाकी नवव्या उडीपर्यंत सगळ्या चोख. म्हणजे आठ झाल्या होत्या आणि दहाव्या उडीवर सगळं येऊन थांबलं होतं. मी उडाले, उतरले. पाय मॅटमध्ये रोवल्यासारखे वाटले. भिंतीकडे बघत हात वर केले आणि मोजणी ऐकू लागले. "एक," मास्तर म्हणाले. मग जरा वेळ काहीच नाही. "दोन… तीन." मी एक पाऊल मागे झाले आणि खाली बघेपर्यंत मास्तरांचं फडकं फिरून गेलं होतं, मॅट ओली निळी.

"डावा घसरला," ते म्हणाले. "आठच."

मी तिथेच बसून भोकाड पसरलं. पण ते खोटं असेल असं मनाला शिवलंसुद्धा नाही. स्पर्धेत मी ती उडी सोडून बाकीचं केलं. माझ्याइतकं सफाईनं त्या दिवशी कुणीच केलं नाही, हे पंचांनीही बोलून दाखवलं. मी चौथी आले.

परतीच्या गाडीत आप्पा खिडकीबाहेर बघत बसले होते. बदनापूरला मास्तरांनी शेंगा घेतल्या आणि जालना येईपर्यंत एकेक सोलून दाणे माझ्या ओंजळीत टाकत राहिले. स्वतः एकही खाल्ला नाही. मला वाटलं, समजूत काढताहेत. पुढे दोन वर्षं मी खेळले, मग दहावी आली आणि खेळ सुटला. राज्य स्पर्धा मी कधी बघितलीच नाही.

पुढे मला बदनापूरला नोकरी लागली, त्यालाही बरीच वर्षं झाली होती. एका रविवारी काकूंचा फोन आला, मास्तरांनी बोलावलंय. साखरेनं त्यांचे डोळे गेले होते, नुसत्या सावल्या दिसत. तरी वर्ग चालूच होता. टेप गळ्यात, चाळणी हातात. "माय, आता खालचं तू पाहा," म्हणाले. मी दर रविवारी जाऊ लागले.

वर्गात ऋतुजा नावाची मुलगी होती, जाफराबादहून पहाटेच्या एसटीनं येणारी, माझ्यासारखीच हट्टी. तिलाही तीच उडी हवी होती. तिच्या मोजणीच्या आदल्या रविवारी वर्ग सुटल्यावर मास्तरांनी मला थांबवलं.

"माय, जे दिसंल तेच सांग तिला. मी एकदा न्हाई सांगितलं."

"कुणाला?"

"तुला."

त्यांनी गळ्यातली टेप काढून बोटांना गुंडाळली, पुन्हा उलगडली.

"दोनच ठसे होते. नऊ झाल्ते तुझे. मीच पुसले."

"का?"

"साऱ्या जिंदगीत मी खालीच पाह्यलं. त्या दिवशी काय झालं कोणास ठाऊक, वर पाह्यलं. तर माझंच लेकरू हवेत उलटं. मान खाली." त्यांना मूलबाळ नव्हतं. "बिलकुल भ्यालो मी. तू तयार होतीस माय. मीच न्हवतो."

मला इतका राग आला की मी चप्पल हातात घेऊनच बाहेर पडले. इतकी वर्षं मी त्या डाव्या पायाला दोष देत आले होते. आप्पाही गेले ते मुलगी थोडक्यात घसरली हे मनात धरून. आठवडाभर मी ऑफिसात वसावसा बोलत होते. आणि मध्येच त्या सोललेल्या शेंगा आठवायच्या, की रडू यायचं.

रविवारी जायचं नाही असं ठरवलं होतं. पण मी गेले नसते तर ऋतुजाचे ठसे बघायला कुणी नव्हतं.

मास्तर स्टुलावर बसले होते. माझी चाहूल लागताच त्यांनी चाळणी पुढे केली. ऋतुजाची दुसरी उडी फसली, मग एकामागून एक सात स्वच्छ आल्या. दहाव्या उडीच्या वेळी तिनं हात मागे नेले आणि माझी मान आपोआप वर जायला लागली. तेव्हा कळलं, मास्तरांना काय झालं असेल. मी दात आवळून पांढऱ्या चौकोनाकडे बघत राहिले. धप्पकन आवाज आला.

"एक, दोन, तीन," मास्तरांनी मोजलं. या वेळी मध्ये थांबले नाहीत. "काय दिसतं?"

"दोनच ठसे. नऊ झाले, मास्तर."

"बराबर पाह्यलं?"

"बराबर."

"मंग उडी तुझी," मास्तर म्हणाले. ऋतुजा ओरडत मैत्रिणींकडे पळाली. ती गेली तरी मास्तरांचा चेहरा माझ्याच आवाजाकडे वळलेला होता. "तुझीच होती, माय," ते हळूच म्हणाले.

मी त्यांच्या पायाशी मॅटवर बसले. मास्तर गेले त्याला येत्या पोळ्याला दोन वर्षं होतील; चाळणी आता माझ्याकडे असते. पण त्या दिवशी मी सवयीनं फडकं उचललं, तर त्यांनी चाचपडत ते माझ्या हातातून घेतलं, घडी केली आणि स्टुलाखाली ठेवून दिलं.

"राहू दे आज," म्हणाले. "पुसू नको."